‘किक ऑफ’मधली लाथ नेमकी कशाला?

मराठीत नोकरीला लाथ मारली म्हणजे ती सोडली. त्यामुळे ‘लेट्स किक ऑफ द मीटिंग’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकणारा बिचकतो, आणि ते साहजिकच आहे. इथली लाथ चेंडूला आहे, तीही खेळ सुरू करायला.

इंग्लंडमध्ये शाळेगणिक फुटबॉलचे नियम वेगळे होते. त्यांचा एक मेळ घालायला २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये क्लबांची माणसं जमली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. डिसेंबरात नियम मंजूर झाले. त्यातला दुसरा नियम सांगतो की मैदानाच्या मध्यावर ठेवलेला चेंडू मारून खेळ सुरू करायचा, आणि चेंडू ‘किक्ड ऑफ’ होईपर्यंत समोरच्या संघाने दहा यार्डांच्या आत यायचं नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. ‘ऑफ’चा अर्थ त्यात डोळ्यांसमोर उभा राहतो: चेंडू ठेवल्या जागेवरून सुटला. तोवर सगळे थांबलेले, त्यानंतर सगळे धावणारे.

एकोणिसाव्या शतकातच हा शब्द मैदानाबाहेर पडला, पण येताना ते चित्र सोबत घेऊन आला. म्हणून बैठक, मोहीम, दौरा, महोत्सव ‘किक ऑफ’ होतात. तिथे माणसं जमलेली असतात, वेळ ठरलेली असते आणि कुणीतरी पहिली कृती करतं. पावसाळा मात्र ‘किक ऑफ’ होत नाही, तो ‘सेट्स इन’. एकट्याने अभ्यासाला बसण्यासाठी ‘गेट डाउन टू’ बरं.

सुरुवात कशाने केली हे सांगताना ‘विथ’ लागतं: ‘वी किक्ड ऑफ विथ अ साँग’. ‘इट’ आलं की ते मधेच बसतं, ‘किक इट ऑफ’. इथे आपल्याकडे हमखास चूक होते. नाम असेल तर आघात ‘किक’वर, क्रियापदात तो ‘ऑफ’कडे सरकतो.

ब्रिटनमध्ये बोलताना ‘इट किक्ड ऑफ’ म्हणजे भांडण पेटलं, हाणामारीला तोंड फुटलं. आणि ‘ही वॉज किक्ड ऑफ द टीम’ ऐकलंत तर सुरुवात शोधू नका. त्या माणसाला संघातून काढून टाकलंय.