हिरवळीच्या पिकाला खत कशासाठी?

भाताच्या खाचरात गाडण्यासाठी म्हणून हिरवळीचे पीक घ्यावे आणि त्या पिकालाच विकतचे खत घालावे, ही सूचना प्रथम ऐकणाऱ्याला उलटी वाटते. जे पीक हवेतला नत्र (नायट्रोजन) फुकट आणून देणार, त्याच्यावर पैसे कशाला खर्चायचे? दक्षिण चीनमध्ये भातकापणीच्या सुमारास खाचरात ॲस्ट्रॅगॅलस सायनिकस या शेंगवर्गीय वनस्पतीचे बी फेकतात. ती हिवाळाभर वाढते आणि वसंतात लावणीपूर्वी गाडली जाते. तिला थोडे स्फुरद (फॉस्फरस) दिले की ती त्या बदल्यात बराच अधिक नत्र साठवते, हा तेथील जुना अनुभव आहे, आणि आता भाताचा पेंढाही तिच्याच जोडीने शेतात ठेवण्यावर तेथे भर दिला जातो. थंड, ओलसर हिवाळा मागणारी ही वनस्पती कोकणात रुजणार नाही. तिच्या लागवडीमागचे रसायन मात्र आपल्या तांबड्या मातीला चांगलेच लागू पडते.

जांभा दगड झिजून झालेल्या या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे विपुल असतात, आणि ती स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. पावसाळ्यात खाचर पाण्याखाली गेले की मातीतला प्राणवायू संपतो, जिवाणू फेरिक लोहाचे रूपांतर पाण्यात विरघळणाऱ्या फेरस लोहात करतात आणि त्याला चिकटलेल्या स्फुरदाचा काही भाग मोकळा होतो. भाताला हा स्फुरद आयता मिळतो. कापणीनंतर खाचर सुकू लागले की हीच क्रिया उलट दिशेने घडते, आणि त्याच मातीत वाल किंवा चवळी पेरली तर तिच्या मुळांपुढे कुलूपबंद कोठार असते. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात, ते काम अतिशय खर्चिक आहे: नत्राचा एक रेणू फोडण्यासाठी एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे किमान १६ रेणू लागतात, आणि एटीपी स्फुरदाशिवाय बनत नाही. स्फुरदाची उपासमार झालेल्या पिकाच्या गाठी थोड्या, लहान आणि आतून फिकट राहतात; चांगल्या गाठीचा छेद गुलाबी दिसतो.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. कोकणात भातासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस सामान्यतः केली जाते. त्यातील स्फुरदाचा काही वाटा पावसाळ्यात भाताला देण्याऐवजी कापणीनंतरच्या शेंगवर्गीय पिकाला दिला, तर तो वाया जात नाही. पीक तो शोषून आपल्या पानादेठांत साठवते आणि गाडल्यावर सेंद्रिय रूपात भातासाठी परत करते. किती वाटा हलवायचा हे माती परीक्षणावरूनच ठरवावे. आम्लधर्मी मातीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळते आणि स्वस्तही पडते, परंतु दोन-अडीच महिन्यांच्या पिकाला तेवढा धीर नसतो, म्हणून त्याच्यासाठी सुपर फॉस्फेट बरे. त्यातून गंधकही मिळते. युरियाचा हात मात्र आखडता ठेवावा. आयता नत्र मिळाला की पीक गाठी बनवण्याचे कष्ट घेत नाही.

आता पेंढ्याकडे वळू. भाताच्या पेंढ्यात कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ६० ते ८० ला १ असते, कोवळ्या शेंगवर्गीय पाल्यात ते १५ ते २० ला १ च्या आसपास असते, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना सुमारे २५ ला १ मानवते. लावणीच्या तोंडावर नुसता पेंढा चिखलात गाडला तर जिवाणू आपली नत्राची तूट मातीतून भरून काढतात व नुकती लावलेली रोपे पिवळी पडतात. शिवाय पाण्याखाली प्राणवायूविना कुजणाऱ्या पेंढ्यातून मिथेन वायूही अधिक निघतो. उलट नुसता कोवळा पाला जानेवारी-फेब्रुवारीत गाडला, तर त्यातला नत्र नायट्रेट बनून जूनच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर धुपून जाण्याचा धोका असतो, आणि वर्षाला २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात हा धोका किरकोळ नाही. दोन्ही एकत्र गाडले की पेंढ्यावर पोसणारे जिवाणू पाल्यातला नत्र आपल्या शरीरात अडकवून ठेवतात आणि भात वाढीला लागल्यावर तो सावकाश सोडतात. माझ्या मते कोकणासाठी या जोडीचा खरा उपयोग हाच आहे.

गाडण्यापूर्वीही पेंढ्याला काम असते. पेरणीनंतर त्याचा पातळ थर जमिनीवर पसरला तर ओल अधिक दिवस टिकते. खारजमिनीत त्याचे मोल आणखी वाढते, कारण उन्हाळ्यात पाण्याचे बाष्पीभवन होताना मिठाचे क्षार केशाकर्षणाने वर येतात. आच्छादनामुळे बाष्पीभवन मंदावते आणि क्षारांचे वर चढणेही.

पेंढा उरतोच कुठे, ही शंका रास्त आहे. तो गुरांना लागतो, आणि हापूसची आढी घालायला व पेट्या भरायलाही लागतो. म्हणून सगळा पेंढा मागण्याऐवजी कापणी जरा उंचावरून करून वीतभर धसकटे शेतातच सोडणे हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो. खालचा जाड, निबर भाग गुरे तशीही नाखुशीनेच खातात, आणि पालाशाचा व सिलिकाचा चांगला साठा त्या काडीत असतो. पेंढ्यात पालाश सुमारे दीड टक्का आणि सिलिकॉन चार ते सात टक्के असते, आणि सिलिकामुळे भाताचे ताट कणखर होते. राबासाठी, म्हणजे रोपवाटिकेची जागा भाजण्यासाठी, पालापाचोळा जाळण्याच्या पद्धतीत पालाश राखेतून मिळतो आणि तणांचे बीही मरते हे खरे, पण नत्र बव्हंशी आणि गंधकाचा बराच भाग धुरातून निघून जातो.

कोकणाला ही विचारसरणी अगदी परकी नाही. चारसूत्री भात लागवडीत हेक्टरी सुमारे २ टन पेंढा पहिल्या नांगरणीच्या वेळी, सुमारे ३ टन गिरीपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीपूर्वी आणि लावणीनंतर युरिया-डीएपी खताच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध खोचणे, असा पेंढा, पाला आणि खताचा मेळ आहेच. तेथे पाला बांधावरून येतो; येथे तो खाचरातच उगवायचा.

तो उगवण्यात अडचण वेळेची आहे. ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके भातापूर्वी घ्यायची तर फुलोऱ्याला येईपर्यंत सहा-सात आठवडे हवेत, आणि पाऊस जूनमध्ये सुरू होऊन लावणी जुलैच्या आरंभी येते. मे महिन्यात पाणी देता येत असेल तरच ते जमते. त्यामुळे बहुतेक खाचरांत ऑक्टोबरची उरलेली ओल हाच आधार, आणि तो भाताच्या हळव्या (लवकर पिकणाऱ्या) जातींना अधिक साधतो, कारण त्यांची कापणी लवकर उरकते. रायगडमध्ये भातानंतर ओलीवर कडवे वाल पिकतातच; शेंगा काढून घेऊन वेल धसकटांसह ओल असतानाच गाडले, तर निव्वळ हिरवळीच्या पिकाइतका नत्र मिळत नाही, पण शेतकऱ्याच्या हाती चार पैसेही येतात. उरते ती मोकाट गुरांची गोष्ट. कापणीनंतर मळा गुरांना मोकळा सोडण्याची रीत असलेल्या गावात एकट्याच्या खाचरातली हिरवी चवळी आठवडाभरही टिकत नाही, आणि तिथे खताच्या पिशवीआधी वई (कुंपण) घालण्याचा किंवा वाडीने मिळून राखण ठेवण्याचा खर्च हिशेबात धरावा लागतो.