हाडांच्या ड्रिपनंतर ताप का येतो

गेल्या जुलैत आईला हाडं ठिसूळ झालीत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडची ड्रिप लावली, 5 मिलिग्रॅम, वर्षातून एकदाच, वीस मिनिटांत काम झालं आणि आम्ही टॅक्सीने लालबागला घरी. दुसऱ्या दिवशी 101 ताप, अंग इतकं ठणकत होतं की कूस बदलवेना. मुंबईत पावसाळ्यात ताप म्हणजे आधी डेंग्यू नाहीतर मलेरिया, शेजारच्या काकू तर पपईच्या पानांचा रस घेऊनच आल्या. रिपोर्ट नॉर्मल, तिसऱ्या दिवशी ताप गेला. असं होऊ शकतं हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, याचा मला खूप राग आला, म्हणून हे लिहितेय.

हाड कुरतडणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, या रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींच्याच घराण्यातल्या. हे औषध हाडाला चिकटतं, ऑस्टिओक्लास्ट हाड खाताना तेही गिळतात आणि पेशी ज्या वाटेने कोलेस्टेरॉल बनवते त्या वाटेवरचं एक एन्झाइम बंद पडतं. पेशी लुळी पडते, हाड वाचतं. पण ड्रिपनंतर काही तास औषध रक्तात असतं ना, तेव्हा मोनोसाइटही ते थोडं गिळतात, मग एन्झाइमच्या अलीकडचा कच्चा माल, आयपीपी नावाचा फॉस्फेटवाला रेणू, त्यांच्यात तुंबतो. आणि रक्तात टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यांत गॅमा-डेल्टा नावाचा एक गट असतो, शंभर टी पेशींत जेमतेम एक ते पाच, त्यांचं कामच असले रेणू हेरायचं, कारण टीबीचा जंतूसुद्धा याच जातीचा रेणू बनवतो. त्यांना वाटतं जंतू शिरला! लगेच इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ अशी ताप आणणारी रसायनं सोडतात, आणि माणूस तापतो. जंतू नाही, ॲलर्जीपण नाही.

2007 साली छापून आलेल्या या औषधाच्या मोठ्या चाचणीत पहिल्या डोसनंतर शंभरातल्या सुमारे 32 बायकांना असा त्रास झाला, दुसऱ्यानंतर 7, तिसऱ्यानंतर 3. पहिल्या डोसनंतर या गॅमा-डेल्टा पेशी रक्तात कमी झालेल्याही दिसल्यात. म्हणून एका तापाला घाबरून पुढचा डोस सोडू नका हो. मात्र ताप तीन दिवसांपुढे गेला तर डॉक्टरांकडे जाच, पावसाळ्यात डेंग्यू खरंच असू शकतो.

ठिसूळ हाडांसाठीच दिलं जाणारं डेनोसुमॅबचं इंजेक्शन वेगळं, ते ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायला लागणाऱ्या रँकएल या प्रोटीनला पेशीच्या बाहेरच पकडतं, कोलेस्टेरॉलच्या या वाटेला जातच नाही.

यंदा आई ड्रिपआधी भरपूर पाणी प्यायली, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतली, आणि रात्री थर्मामीटर 99 च्या वर गेलाच नाही.