मुंबईतील तबेले : जनावरांचे आरोग्य आणि गोठेवाल्यांचे निरंतर शिक्षण

ताज्या दुधासाठी शहराच्या हद्दीत दुभती जनावरे बांधून ठेवणारे व्यावसायिक गोठे मुंबईत ‘तबेले’ म्हणून ओळखले जातात. गोरेगाव, जोगेश्वरी, मालाड, कांदिवली या पश्चिम उपनगरांत आणि पुढे वसईच्या बाजूला ते आढळतात. त्यांत भरणा म्हशींचा : मुऱ्हा, मेहसाणी, जाफराबादी, सुरती. गायी कमी, त्याही बहुधा होल्स्टीन वा जर्सी संकराच्या, थोड्या गीर. या जनावरांच्या रोजच्या आरोग्य व्यवस्थापनाचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसांच्या शिक्षणाचा विचार एकत्रच करावा लागतो. तबेल्यातले बहुतेक आजार पशुवैद्य पोहोचण्याच्या कित्येक दिवस आधी धार काढणाऱ्याच्या हाताखालून गेलेले असतात. त्या हाताला ते ओळखता आले, तर निम्मा उपचार तिथेच होतो.

पार्श्वभूमी

सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली. भुलेश्वरच्या गजबजाटात आजही तिथे गायी आहेत. परळला सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले आणि त्याच परिसरात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ते आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग असून त्याचा एक परिसर गोरेगावला आरेमध्ये आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भर वस्तीतले तबेले, त्यांचे शेण-मूत, भेसळीचे दूध यांनी शहर बेजार झाले होते. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे १९४९ मध्ये वसवलेली आरे दुग्ध वसाहत. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले, सुमारे १६,००० जनावरे असा तिचा पसारा होता. जनावरे खासगी मालकांची, गोठे सरकारी, आणि पशुवैद्यकीय सेवा जागेवर. गोठा धुतलेले पाणी पॅरा गवताच्या शेतात सोडायचे आणि तेच गवत वैरण म्हणून परत गव्हाणीत आणायचे, ही रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. खुरोडी यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मिळाला. कुरियन यांच्या तुलनेत मुंबईला खुरोडींचे नाव फारसे आठवत नाही, ही खंत नोंदवायला हवी. १९७६ च्या कायद्याने नागरी भागात गुरे पाळण्यावर परवान्याचे बंधन आले. मुंबईतली जनावरे हलवण्यासाठी डहाणूच्या पुढे दापचरी दुग्ध प्रकल्प आखण्यात आला, तरी तबेले शहरातून पूर्णपणे गेले नाहीत.

एका वेताचा हिशेब

मुंबईच्या तबेल्याचे अर्थकारण खेड्यातल्या गोठ्यापेक्षा वेगळे आहे आणि आरोग्याचे बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात. हरियाणा किंवा गुजरातेतून नुकतीच व्यालेली म्हैस पारडासह विकत आणायची, वेतभर पिळायची, भाकड झाली की विकायची, असा हा धंदा. भाकड जनावर पुढचे वेत येईपर्यंत पोसायला शहरातली जागा आणि विकतची वैरण परवडत नाही. म्हणून माज ओळखणे, कृत्रिम रेतन करून घेणे, कालवडी-रेड्या वाढवणे या कामांत कुणाला रस उरत नाही. पारडांची, विशेषतः टोणग्यांची, आबाळ होते. उत्तम जातीची, ऐन भरातली म्हैस एका वेतानंतर पैदाशीतून बाद होते. हे नुकसान तबेल्याच्या वहीत दिसत नाही. ते देशाच्या पशुधनातून वजा होते.

या चक्राचा दुसरा परिणाम असा, की व्याल्यानंतरचा सर्वांत नाजूक काळ जनावर ट्रकमध्ये आणि परक्या गोठ्यात काढते. विण्याआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे हा संक्रमणकाळ. दूध वाढत असते, भूक मात्र त्या मानाने वाढलेली नसते. चिकातून आणि दुधातून कॅल्शियम झपाट्याने जाते. व्याल्यापासून दोन-तीन दिवसांत कान गार पडले, मान कुशीकडे वळली आणि जनावर उठेना, तर तो दुग्धज्वर. नाव ज्वर असले तरी अंग तापत नाही, उलट गार लागते. कॅल्शियमची सलाईन शिरेतून हळू द्यावी लागते. घाई केली तर हृदय थांबू शकते, म्हणून ते काम पशुवैद्याचेच. पेंड सोडून फक्त चारा खाणारी, दूध घटलेली, श्वासाला गोडसर वास येणारी गाय कितनबाधेची (किटोसिस, म्हणजे ऊर्जेच्या तुटीतून होणारा आजार) असू शकते. म्हशीला लाल लघवी झाली तर इतर कारणांबरोबर स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता तपासावी लागते.

कास

तबेल्यात सर्वाधिक नुकसान करणारा आजार कासदाह. गोठेवाले त्याला ‘दगडी’ म्हणतात. कास सुजते, कडक होते, दुधात गाठी किंवा रक्त उतरते, तेव्हा तो कुणालाही कळतो. खरा तोटा सुप्त कासदाहाचा : कास मऊ, दूध दिसायला पांढरेशुभ्र, आणि तरी रोज थोडे कमी. तो पकडण्याची चाचणी गोठ्यातच होते. चार कप्प्यांच्या पसरट तबकडीत चारही सडांचे थोडे-थोडे दूध घ्यायचे, तितकेच चाचणीचे द्रावण घालायचे आणि तबकडी गोल फिरवायची. निरोगी सडाचे दूध पातळच राहते. बाधित सडाचे दूध शेंबडासारखे दाट होऊन तळाला चिकटते. तयार द्रावण नसेल तर कपड्यांच्या डिटर्जंट पावडरचे सुमारे तीन टक्क्यांचे द्रावणही काम देते. कोणता सड बिघडला आहे हे डोळ्यांना दिसले, की त्यानंतर समजावून सांगण्याची गरज फार कमी उरते. गोठ्यात दाखवण्यासारखे इतके परिणामकारक प्रात्यक्षिक दुसरे नाही.

प्रतिबंध सगळा धारेच्या वेळचा. कास धुवून कोरडी पुसणे, प्रत्येक जनावराला वेगळे फडके. पहिल्या एक-दोन धारा काळ्या कपात काढून गाठी पाहणे, त्या जमिनीवर न सोडणे. अंगठा दुमडून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने पिळणे, कारण अंगठ्याच्या पेराने सडाला आतून इजा होते. पान्हा टिकतो तोवर, म्हणजे सहा-सात मिनिटांत, धार संपवणे. नंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणे. आणि जनावराला अर्धा तास खाली बसू न देणे, कारण सडाचे तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो; त्यासाठी धार संपताच गव्हाणीत ताजी वैरण टाकली की पुरते. बाधित जनावराची धार शेवटी काढायची. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. तरीही त्या सुटतात, कारण मध्यरात्रीनंतर सुरू होणाऱ्या धारेला एका माणसाच्या वाट्याला अनेक म्हशी येतात आणि दूध पहाटे ग्राहकाच्या दारात पोहोचवायचे असते. गड्यांची संख्या आणि धारेची घाई हाही कासदाहाच्या कारणांचाच भाग आहे. तो विचारात न घेता दिलेला स्वच्छतेचा उपदेश गोठ्यात टिकत नाही.

चारा, पाणी आणि मुंबईची हवा

शहरात ओला चारा महाग आणि पेंड हाताशी, म्हणून गव्हाणीत सरकी पेंड, चुणी, भुसा यांचे प्रमाण वाढते आणि चोथा कमी पडतो. परिणाम म्हणजे पोटातील आम्लता. शेण पातळ, फेसाळ, त्यात न पचलेले दाणे, रवंथ मंदावलेले. निवांत बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करताना दिसावीत, ही पाहणी कोणत्याही गड्याला जमते. म्हशीसाठी सर्वसाधारण हिशेब असा : शरीरपोषणासाठी दोन किलो खुराक आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो; गायीला दर अडीच लिटरमागे एक किलो. तो दोन-तीन वेळांत विभागून, वैरणीनंतर. देवळाबाहेर बांधलेल्या गायींचे दुखणे याच जातीचे. भाविक श्रद्धेने दिवसभर पिठाचे लाडू भरवतात, आणि एका गायीच्या पोटात ते सगळे एकत्र होतात. गवताची पेंढी द्यावी, लाडू टाळावा.

मुंबईत तापमान विदर्भाएवढे चढत नाही, पण समुद्राच्या दमटपणामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी. डुंबायला पाणी नाही. संकरित गायीचे दूध अशा हवेत लगेच घटते. पंखे, अंगावर पाण्याची फवारणी, छपराखाली वाहता वारा आणि गव्हाणीपाशी कायम पाणी, एवढ्याने फरक पडतो. पावसाळ्यात अडचण उलटी. सतत ओल्या कोब्यावर उभे राहून खूर मऊ पडतात, सडतात. मोरचुदाच्या पाच टक्के द्रावणात खूर बुडवणे आणि वर्षातून दोनदा खुरांची छाटणी हा त्यावरचा उपाय.

याच दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. बाधित गुरे आणि उंदीर यांच्या मुत्रातून जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि अनवाणी गड्याच्या पायाच्या जखमेतून आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरात अनेक म्हशी गोठ्यातच दगावल्या आणि त्यानंतर शहरात या आजाराचे रुग्ण वाढले. गमबूट हे तबेल्यात औषधपेटीइतकेच आवश्यक साधन मानले पाहिजे.

लसी आणि औषधे

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्पाची (गुरांचा घसा सुजवणारा जिवाणूजन्य आजार) पावसाळ्याआधी, सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिस) चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच. २०१९ पासून लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्यासाठी राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्यात कानात १२ अंकी बिल्ला मारला जातो. परराज्यांतून सतत जनावरे येणाऱ्या मुंबईला हा बिल्ला फार उपयोगाचा, कारण आधीचे लसीकरण त्यावरून तपासता येते. नवे जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे हा नियम सर्वांना ठाऊक असतो, जागेअभावी पाळला मात्र क्वचितच जातो. २०२२ च्या लम्पी (अंगावर गाठी आणणारा गुरांचा विषाणूजन्य त्वचारोग) साथीत गुरांची वाहतूक आणि बाजार थांबवावे लागले. गायींना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. म्हशींना हा रोग कमी होतो.

औषधांबाबत दोन गोष्टी कठोरपणे सांगायला हव्यात. पहिली, पान्हा सोडवण्यासाठी टोचले जाणारे ऑक्सिटोसिन. पारडू मेले, म्हैस आटते, म्हणून रोज सुई. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक टोचणी करणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. पारडू जगवणे, त्याला पहिल्या काही तासांत पोटभर चीक पाजणे, हाच पान्ह्याचा प्रामाणिक उपाय. दुसरी, प्रतिजैविके. उपचारानंतर ठरावीक काळ दूध विकायचे नसते. औषधाच्या वेष्टनावर हा काळ दिलेला नसेल तर नियमानुसार किमान सात दिवस. तेवढ्या दिवसांचे दूध फेकणे गोठेवाल्याला जड जाते, हे खरे. पण ते दूध एखाद्या घरात तान्ह्या मुलाला जाते. कासदाहाच्या सुरुवातीला कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रचारात आणला आहे; तो पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरल्यास प्रतिजैविकांची गरज काही ठिकाणी टळू शकते.

शिक्षण

या माणसांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या संस्था आसपास आहेत. परळ आणि गोरेगावला पशुवैद्यक महाविद्यालय, पालघर जिल्ह्यात कोसबाड टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र, शिवाय राज्याचा पशुसंवर्धन विभाग आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक. अडचण वेगळीच आहे. प्रशिक्षणाला मालक येतो, आणि धार गडी काढतो. मालक अनेकदा गोठ्यापासून दूर राहतो. गडी उत्तर प्रदेश-बिहारकडचा, काही महिन्यांनी गावी जाणारा, त्याच्या जागी त्याचाच भाऊबंद येतो. छापील मराठी पत्रक त्याच्या कामाचे नाही.

म्हणून मुंबईत शिक्षण गोठ्यातच, दोन धारांच्या मधल्या वेळेत, हिंदी-भोजपुरीत आणि हातात तबकडी घेऊन व्हायला हवे. एका बैठकीत एकच विषय : आज कास, पुढच्या वेळी खूर, पावसाळ्याआधी गमबूट आणि लस. गडी बदलत राहतात, तेव्हा तोच पाठ दर काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो. निरंतर शिक्षणाचा इथला अर्थ एवढा साधा आहे. जुना, अनुभवी गडी नव्याला शिकवू लागला तर बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा लवकर रुजते, पण मालकाने त्याला त्या कामाचा मान आणि मोबदला दिला पाहिजे.

नोंदवही हा या शिक्षणाचा सर्वांत उपेक्षित भाग. तबेल्यात उधारीची वही चोख असते; जनावराची वही नसते. बिल्ल्याचा क्रमांक, व्याल्याची तारीख, प्रत्येक वेळचे दूध, दिलेले औषध आणि दूध विक्रीला पुन्हा सुरू करण्याची तारीख, एवढे पाच रकाने पुरेत. लिहिता न येणाऱ्यासाठी खांबावर खडूची खूण किंवा औषध चालू असलेल्या म्हशीच्या पायाला लाल फीत बांधण्याची पद्धत चालते. रात्री दोनच्या धारेला आलेल्या बदली गड्यालाही ती फीत पाहून कळते, की हे दूध वेगळ्या बादलीत काढायचे आहे.