रीड डिफ्युझरचा वास चार दिवसांनी जातो कुठे?

रीड डिफ्युझर म्हणजे सुगंधी द्रवाची (त्याला सगळे तेलच म्हणतात) छोटी बाटली आणि तिच्यात खोचलेल्या काड्या, त्या द्रव वर ओढतात आणि वास खोलीत पसरतो. तो घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते, पहिले चार दिवस हॉलमध्ये मस्त घमघमाट आणि मग काहीच नाही, बाटली तर अजून पाऊण भरलेली, म्हणजे नक्की फसवलं. कधीकधी खरंच फसवलेलं असतं, स्वस्तातल्या बाटलीत सुगंध नावाला आणि बाकी सगळं सॉल्व्हंट, म्हणजे सुगंध ज्यात मिसळतात तो द्रव. पण बऱ्याचदा बाटलीतला माल ठीकच असतो, गडबड असते ती खोलीतल्या हवेत आणि आपल्या नाकात.

आधी काडीचं बघू. चांगल्या डिफ्युझरमधली काडी वेताची असते. वेत म्हणजे ताडामाडाच्या कुळातली वेल, काही जाती तर १०० मीटरच्याही पुढे वाढतात, आणि एवढ्या लांबवर मुळातलं पाणी पोचवायचं म्हणून तिच्या आत सलग बारीक नळ्या असतात. वेत वाळला तरी नळ्या तशाच राहतात. अशी काडी तेलात बुडवली की तेल आपोआप वर चढतं, समईच्या वातीत चढतं अगदी तसंच, याला केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक तितकं द्रव जास्त उंच चढतं, ०.१ मिलीमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी जवळपास १५ सेंटीमीटर चढेल. डिफ्युझरच्या द्रवाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो त्यामुळे तेवढ्याच नळीत ते कमी चढतं, पण काडीत मोठ्या नळ्यांच्या मध्ये खूप बारीक फटीसुद्धा असतात, त्यांच्यामुळे काम भागतं.

बांबूची कबाबची काडी का नाही चालत असं खूप जण विचारतात. थोडीफार चालते, पण बांबूला पेरं असतात आणि पेराशी आतल्या नळ्या वळतात, अडखळतात, शिवाय लाकूड जास्त घट्ट. हल्ली फायबरच्या काड्या मिळतात, काळ्या किंवा पांढऱ्या, त्यांची भोकं सगळीकडे सारखी असल्याने त्या वेतापेक्षा भरवशाच्या वाटतात, फक्त दिसायला जरा प्लास्टिकी.

अजून एक गंमत, द्रव काडीत ठरावीक वेगाने चढत नाही. सुरुवातीला भराभर आणि मग हळू हळू, दुप्पट अंतर जायला साधारण चौपट वेळ, त्यामुळे नवीन काडीचं वरचं टोक ओलं व्हायला काही तास ते एखादा दिवस लागतो. तेवढ्यात "याला तर वासच नाही" म्हणून रिटर्न टाकू नका.

आता काडी ओली झाली, पुढे काय? पुढे सगळा खेळ बाष्पीभवनाचा. एकदा काडी भिजली की जेवढं वरून उडतं तेवढंच खालून चढतं. म्हणजे वास किती येणार हे ठरतं काडीचा किती भाग हवेत उघडा आहे, खोलीत गरम किती आहे आणि हवा किती हलतेय त्यावर. काड्यांची संख्या म्हणजे सरळ व्हॉल्यूमचं बटण. आठ काड्या टाकल्या तर चार काड्यांच्या जवळपास दुप्पट वास आणि बाटली जवळपास निम्म्या दिवसांत रिकामी, यात फुकट काहीच नाहीये. एप्रिल-मे मध्ये नागपुरात तीच बाटली डिसेंबरपेक्षा लवकर संपणार, आणि पंख्याच्या थेट खाली ठेवली तर अजूनच लवकर.

इथे एक छोटं गणित करू. १०० मिलीची बाटली साधारण अडीच महिने चालते असं धरू. ७५ दिवसांचे झाले १८०० तास, म्हणजे तासाला ०.०५५ मिली, म्हणजे साधारण एक थेंब. तासाला एक थेंब! आणि त्यातही खरा सुगंध समजा पाचवा हिस्सा, दहा-अकरा मिलिग्राम, बाकी सॉल्व्हंट. एवढ्याशा मालावर १२ बाय १५ चा हॉल भरायचा, छत दहा फूट धरलं तर ५० घनमीटर हवा. दारं-खिडक्या बंद असतील तर खोलीतली निम्मी हवा तासाभरात बदलते असं समजू, तेव्हा हा सुगंध २५ घनमीटर हवेत पसरतो. खिडक्या उघड्या, वारा आरपार, तासाला पाच वेळा हवा बदलतेय, तर तोच सुगंध २५० घनमीटरमध्ये, म्हणजे दसपट पातळ. काडी तीच, तेल तेच. आपल्याकडे खिडकी उघडी, बाल्कनीचं दार उघडं, वर पंखा पाचवर, आणि मग म्हणायचं वास येत नाही. म्हणून हेच डिफ्युझर बाथरूममध्ये किंवा दाराजवळच्या छोट्या पॅसेजमध्ये एकदम भारी वाटतं, फक्त बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू नको, नाहीतर विकत घेतलेला सुगंध थेट डक्टमध्ये.

सुगंधाचे रेणू हवेपेक्षा जड असतात म्हणून बाटली उंच शेल्फवर ठेवा म्हणजे वास खाली उतरेल, असा सल्ला फिरत असतो. रेणू जड असतात हे खरं, पण वरचं गणित बघा, एका घनमीटर हवेत मिलिग्रामचाही अंश, एवढ्याने हवा जड होत नाही. माणसं ये-जा करतात, पंखा फिरतो, गरम हवा वर जाते, या सगळ्यात ते कधीच मिसळून गेलेले असतात. जिथून लोक येता-जाता वारा हलवतील अशा जागी, टेबलाच्या उंचीवर ठेवलं की पुरे.

आणि आता नाक. नाकात वरच्या बाजूला वास ओळखणाऱ्या पेशी असतात, माणसात सुमारे ४०० प्रकारचे ग्राही, म्हणजे वासाचे रेणू पकडणारे प्रथिनांचे खाचे, त्यांच्यावर असतात (या ग्राहींचं जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं, त्यासाठी २००४ चं नोबेल मिळालं). सुगंधाचा रेणू ग्राहीवर बसला की पेशीची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, आणि तेच कॅल्शियम पुढे त्या पेशीचा आवाज कमी करतं. वर मेंदूही तोच तोच निरोप ऐकून कंटाळतो आणि बाजूला टाकतो. हे काही मिनिटांत होतं. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला आपल्या घराचा वास येत नाही, पाहुण्याला दारातच येतो, मग तो मोगऱ्याचा असो की कालच्या सुकटीचा. त्यामुळे डिफ्युझर चालू आहे का हे स्वतःच्या नाकाला विचारू नका. खाली जाऊन भाजी आणा, जरा वेळ मोकळ्या हवेत रहा, मग परत येऊन बघा, किंवा सरळ शेजारच्या काकूंना विचारा. अत्तराच्या दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याने नाक ताजं होतं हेही तपासून बघितलंय, साध्या हवेपेक्षा त्याचा काही जास्त फायदा दिसला नाही.

मात्र वास खरोखर कमीही होतो. सुगंध म्हणजे एक रेणू नाही, डझनावारी रेणूंचं मिश्रण. संत्र्या-लिंबाचा लिमोनीन १७६ अंशाला उकळतो, व्हॅनिलाचा व्हॅनिलिन २८५ च्या आसपास, त्यामुळे लिमोनीन झटकन उडतो आणि व्हॅनिलिन रेंगाळतो. काडीच्या पृष्ठभागावर जड मंडळी साचत जातात, धूळ येऊन चिकटते, बारीक वाटा बुजतात. म्हणून आठवड्यातून एकदा काड्या उलट्या करायच्या, ओलं टोक वर आलं की वास पुन्हा जोरात येतो, आणि दोन-तीन महिन्यांनी काड्याच बदलायच्या. जुन्या काड्या नव्या तेलात टाकून तेलाला नावं ठेवणं हा प्रकार फार बघितलाय. लिंबूवर्गीय वास टिकत नाही म्हणणाऱ्यांनी वाळा किंवा चंदन घेऊन बघावं, त्यातले रेणू मोठे आणि आळशी असतात. माठात टाकलेला वाळा कितीतरी दिवस वास देतो त्याचं कारणही हेच.

घरी बनवणाऱ्यांसाठी, खोबरेल किंवा बदाम तेल वापरू नका. ही तेलं घट्ट असतात म्हणून काडीत नीट चढत नाहीत, आणि उडत तर अजिबात नाहीत, सुगंध उडून गेला की काडीत नुसतं खवट तेल उरतं. बाजारातल्या बाटलीत डायप्रोपिलीन ग्लायकॉल किंवा त्याच्या जवळचे, पण त्याहून पातळ सॉल्व्हंट असतात. ग्लायकॉल हवेतला ओलावा शोषतो, म्हणून पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत बाटलीचं तोंड जितकं अरुंद तितकं बरं.

अगरबत्तीशी तुलना केली तर इथे काही जळत नाही, धूर नाही, धुराचे कण नाहीत, हा मोठा फायदा. पण "नॅचरल आहे म्हणजे सेफ" हे मला पटत नाही. लिमोनीनसारखे रेणू हवेतल्या ओझोनशी भेटले की थोडं फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, म्हणून ओझोन सोडणारं एअर प्युरिफायर आणि डिफ्युझर एका खोलीत नको. दम्याच्या माणसाला त्रास होत असेल तर बाटली सरळ बाहेर. मांजर असेल तर जास्त जपा, तिच्या यकृताला असे बरेच रेणू निकामी करायला जड जातं, टी ट्री ऑइल तर तिच्यासाठी विषारीच. लहान मूल असेल तर बाटली हाताला लागेल अशी ठेवायची नाही. पोटात गेलंच तर उलटी करवू नका, कारण ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनियासारखा त्रास होतो, बाटली सोबत घेऊन थेट डॉक्टरकडे. आणि बाटलीखाली काचेची बशी ठेवा, हे सॉल्व्हंट सांडलं तर लाकडाचं पॉलिश आणि प्लास्टिकचा वरचा थर खातं, टीव्ही युनिटवरचा तो गोल पांढरा डाग नंतर कशानेही निघत नाही.