सोळा स्टेशनांवरची नाणी आणि सोवेटोची व्हायोलिने

मार्च १९९२. ब्रिटनमधल्या १६ रेल्वे स्टेशनांवर एकाच वेळी सुमारे १२० वादक येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर वाजवायला उभे राहिले. एरवी ही मंडळी तिकीट लावलेल्या सभागृहांत वाजवणारी. त्या दिवशी प्रवाशांनी टाकलेल्या पैशांतून ६,००० पौंड जमले. ते जायचे होते दक्षिण आफ्रिकेला, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या डिपक्लूफ भागात व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांसाठी. त्या मुलांच्या वर्गाची ओढाताण व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे वाद्य) वाजवणाऱ्या रोझमेरी नाल्डेन यांनी बीबीसी रेडिओवर ऐकली होती आणि सहकाऱ्यांना हाक दिली होती. रस्त्यावर वाजवून पैसे गोळा करण्याला इंग्रजीत 'बस्किंग' म्हणतात. त्यावरून उपक्रमाचे नाव पडले 'बस्केड'.

सोवेटोतल्या मुलांसाठी लंडनच्या प्रवाशाला खिशात हात घालावा लागला, यामागे वर्णभेदाचा इतिहास आहे. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या काढल्या आणि त्यांना हेतुपुरस्सर तुटपुंजा पैसा दिला. अशा शाळांत वाद्ये कुठून येणार? गळ्याला मात्र खर्च नसतो. सोवेटोत समूहगायन इतके बहरले, त्याचे एक कारण हेच. सा-रे-ग-मसारख्या 'टॉनिक सोल्फा' पद्धतीने मुले चार वेगवेगळ्या सुरावटी एकत्र गायची. महागड्या स्वरलिपीच्या पुस्तकांवाचून भागायचे. व्हायोलिनची ओढ नव्हती असे मुळीच नाही. मायकल मसोटे यांच्यासारखे शिक्षक तिथे आधीपासून शिकवत होते. कमी होती ती वाद्यांची आणि पगाराची.

दान दिलेल्या वाद्याची कथाही त्या मातीला नवी नव्हती. जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्स शाळेत फादर ट्रेव्हर हडलस्टन यांनी ह्यू मासेकेला या मुलाला ट्रम्पेट मिळवून दिले. पुढे १९५६ मध्ये खुद्द लुई आर्मस्ट्राँग यांनी आपले एक ट्रम्पेट तिथल्या मुलांच्या बँडसाठी पाठवले. मासेकेला जगभर गाजले. पण ट्रम्पेट एकदा हातात आले की बराच काळ पुरते. व्हायोलिनचे तसे नाही, आणि देणगीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

सहा वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाचे व्हायोलिन धरता येत नाही. त्याला पाव लागते, मग अर्धे, मग पाऊण आणि बारा-तेराव्या वर्षाच्या आसपास पूर्ण. म्हणजे एका मुलामागे निदान तीन-चार वाद्ये. म्हणून अशा संस्था वाद्यांचा साठा ठेवतात. मूल वाढले की त्याचे पाव व्हायोलिन धाकट्याकडे जाते. तारा तुटतात, गजाचे घोड्याचे केस झिजतात, गजाला लावायची राळ संपते. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर. तिथला कोरडा हिवाळा लाकडाला तडे देतो. हा खर्च फोटोत दिसत नाही. नव्या वाद्यांसाठी देणगीदार आनंदाने पुढे येतो, तारांसाठी आणि शिक्षकाच्या पगारासाठी त्याला समजवावे लागते. मला वाटते, अशा संस्था टिकतात की बुडतात हे या दुसऱ्या पैशावर ठरते.

नाल्डेन यांनी हे ओळखले. १९९७ मध्ये त्यांनी डिपक्लूफमध्ये संगीतशाळा सुरू केली. शिकवण्याची पद्धत त्यांनी लंडनच्या शीला नेल्सन यांच्याकडून घेतली. नेल्सन यांनी अमेरिकेतल्या पॉल रोलंड यांचे तंत्र टॉवर हॅम्लेट्ससारख्या कष्टकरी वस्तीतल्या शाळांत रुजवले होते: शरीर मोकळे ठेवायचे, मुलांना गटाने शिकवायचे, पहिल्या दिवसापासून एकत्र वाजवायचे. गटाने शिकवल्याने खर्चही विभागला जातो. मग मोठ्या विद्यार्थ्यांनाच शिक्षक म्हणून तयार केले गेले. देणगीतला पैसा त्यांच्या पगाराच्या रूपाने सोवेटोतल्याच घरांत पोहोचू लागला. इथून घडलेला सॅमसन डायमंड मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न कॉलेजात शिकून व्यावसायिक व्हायोलिनवादक झाला.

२००७ मध्ये बस्केडच्या विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाद्यवृंद-संचालक जॉन एलियट गार्डिनर यांच्या वादकांसोबत वाजला. श्रोत्यांत मूळचे गोव्याचे डॉ. लुईस डायस होते. त्या वेळी ते इंग्लंडमध्ये डॉक्टरी करत होते. सोवेटोत हे होते तर गोव्यात का नाही, हा विचार त्यांना तिथे सुचला. ते परतले आणि २००९ मध्ये पणजीत 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' उभे राहिले. गरीब घरांतल्या मुलांना तिथे व्हायोलिन, व्हायोला, चेलो शिकवले जाते.

गोव्याच्या बाबतीत ही गोष्ट जरा उलटी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. पोर्तुगीज काळात १५४५ पासून तिथे चर्चच्या शाळा होत्या. मेस्त, म्हणजे तिथले संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. चर्चच्या खर्चाला 'गावकरी' या ग्रामसंस्थेच्या सामाईक जमिनीचे उत्पन्न असे. म्हणजे वर्षानुवर्षे चालणारा देणगीचा झराच. याच परंपरेतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पुढे तो आधार आटत गेला आणि व्हायोलिन शिकायचे तर शिकवणीची फी लागू लागली.

आज त्या जागी व्यक्तींच्या देणग्या आहेत आणि कंपन्यांचा पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. ती मोठी सोय आहे. पण कंपनीचा हिशेब वर्षाचा असतो, आणि व्हायोलिनवर हात बसायला आठ-दहा वर्षे लागतात. वर्षाच्या शेवटी दाखवायला बहुधा एखादी साधी धून आणि सरळ चालणारा गज, एवढेच हाती असते. परदेशातून काही महिन्यांसाठी येणारे वादक मुलांना खूप देऊन जातात. ते गेल्यावर मात्र रोज दुपारी वर्ग उघडणारा, पावसाळ्यात डिंक सुटलेले व्हायोलिन उचलून दुरुस्तीला नेणारा शिक्षक इथलाच लागतो, आणि त्याला बाराही महिने पगार द्यावा लागतो.