यादीत नसलेल्या वस्तू ट्रॉलीत येतात कुठून? थोडा मागचा इतिहास

सुपरमार्केटवाले आपल्याला जास्त खर्च करायला कसे लावतात हा विषय निघाला की दूध मागच्या कोपऱ्यात का, चॉकलेटं बिलिंगपाशीच का, इथून सुरुवात होते. आणि मग असं वाटतं की हे सगळं कुणीतरी बसून रचलेलं कारस्थान आहे. पण सुरुवात तशी झाली नाही. मुळात भानगड होती नोकरांच्या पगाराची.

अमेरिकेत पूर्वी किराणा घ्यायचा म्हणजे काउंटरसमोर उभं राहून यादी सांगायची, आतला माणूस एकेक वस्तू काढून, वजन करून देणार. सप्टेंबर १९१६ मधे क्लॅरेन्स साँडर्सने मेम्फिसमधे पिगली विगली नावाचं दुकान काढलं (हो, नाव हेच) आणि गिऱ्हाइकालाच आत सोडलं, तुमचं तुम्ही घ्या आणि जाताना पैसे द्या. माणसं कमी लागली, माल स्वस्त देता आला. पण खरी गंमत आतल्या रचनेत होती. फिरत्या फाटकातून शिरलं की रस्ता एकच, तोही सगळ्या शेल्फांसमोरून वळणं घेत पैसे द्यायच्या जागी नेणारा, म्हणजे नुसता साबण हवा असला तरी अख्खं दुकान बघूनच बाहेर पडायचं. १९१७ मधे या रचनेचं पेटंट मिळालं आणि गिऱ्हाइकाला सगळा माल बघावाच लागेल हे त्यात चक्क लिहून ठेवलंय. लपवाछपवी काहीच नाही!

मधला माणूस गेला तसं विकायचं काम पाकिटावर आणि शेल्फवर येऊन पडलं. नजरेच्या उंचीची जागा, शेल्फांच्या रांगेच्या टोकाची जागा यांना किंमत आली, ती इतकी की पुढे कंपन्या त्यासाठी दुकानांना पैसे मोजायला लागल्या. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच, बाकीच्या युक्त्या त्याच्या मागून आल्या.

१९३० मधे मायकेल कलनने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका जुन्या गॅरेजमधे किंग कलन सुरू केलं, मोठं दुकान, ढीगभर माल, कमी भाव. आता अडचण अशी की हातातली टोपली जड झाली की खरेदी थांबते. ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमनची दुकानं होती, त्याने १९३७ मधे घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांची ट्रॉली आणली, तर ती कुणी हातच लावेना. पुरुषांना वाटलं आपण काय एवढे अशक्त आहोत का, बायका म्हणाल्या बाबागाडी ढकलून झाली आता पुरे. मग त्याने पगार देऊन माणसं ठेवली आणि त्यांना दुकानात ट्रॉल्या ढकलत नुसतं फिरायला लावलं. हळूहळू लोकही ढकलायला लागले.

अभ्यास वगैरे नंतर आला. १९८२ मधे रोनाल्ड मिलिमनचा प्रयोग छापून आला, दुकानात संथ संगीत लावलं तर लोक सावकाश चालतात, आणि जलद संगीताच्या दिवसांपेक्षा विक्री सुमारे ३८ टक्के जास्त झाली होती. एकाच सुपरमार्केटमधला प्रयोग, त्यामुळे हा आकडा सगळीकडे चिकटवू नये, पण लोक चिकटवतातच.

दुधाचं म्हणाल तर मागे ठेवल्याने चालणं वाढतं हे खरं, पण फ्रीज मागच्या गोदामातून भरायला सोपे पडतात हेही खरं.

२६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावात बारकोडवर पहिली वस्तू स्कॅन झाली, च्युइंगगमचं पाकीट, ६७ सेंट. तेव्हापासून काय खपतं हे नेमकं कळायला लागलं, आणि १९९५ मधे ब्रिटनमधे टेस्को या सुपरमार्केट कंपनीने क्लबकार्ड (नेहमीच्या गिऱ्हाइकांना सूट देणारं कार्ड) काढल्यावर कोण घेतं हेही. सूट त्यांनी दिली, माहिती आपण दिली.

जागेचा परिणाम होतो हे आता सरकारंही धरून चालतात. इंग्लंडमधे ऑक्टोबर २०२२ पासून जास्त साखर, मीठ, फॅट असलेले बरेचसे पदार्थ मोठ्या दुकानांत दारापाशी, रांगांच्या टोकाला आणि बिलिंगजवळ ठेवायला मनाई आहे. त्याच पदार्थांवरच्या ‘एकावर एक फ्री’ ऑफरवरची बंदी मात्र महागाईचं कारण देऊन तेव्हा पुढे ढकलली गेली.