काळी प्लेट आणि पांढरी प्लेट : भाड्याच्या गाडीतला खरा फरक

पणजीहून कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर करायचंय आणि घरी गाडी नाही, असं म्हटलं की सल्ला ठरलेला: "रेंटवर घे, स्वस्त पडते." कुठली गाडी रेंटवर घ्यायची, हे मात्र कुणी सांगत नाही.

पिवळ्या प्लेटची टॅक्सी सगळ्यांना माहीत आहे. सोबत ड्रायव्हर, किलोमीटरवर भाडं, वर त्याचा भत्ता. नातेवाइकांकडे दोन दिवस मुक्काम केला तर उभ्या गाडीचेही पैसे मोजावे लागतात. म्हणून लोक स्वतः चालवायच्या गाडीकडे वळतात आणि घोळ तिथेच होतो.

स्वतः चालवायला कायद्याने भाड्याने देता येते ती काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेली गाडी. 1989च्या रेंट-अ-कॅब योजनेनुसार तो धंदा परवान्यावर चालतो आणि गाडीचा विमाही भाड्याच्या वापराचा असतो. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी. तिच्या पॉलिसीतच लिहिलेलं असतं की भाड्याने दिल्यास संरक्षण नाही. चोर्ला घाटात बंपर फुटला आणि गाडी भाड्याची होती हे कंपनीला कळलं, तर दावा फेटाळला जातो; मग मालक खर्च वसूल करणार तुमच्याकडून. शिवाय परमिटशिवाय गाडी भाड्याने वापरल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 192अ मालकाइतकंच चालवणाऱ्यालाही लागतं. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड आणि कैदही होऊ शकते.

तरी लोक फसतात, कारण पांढरी प्लेट रोज काहीशे रुपयांनी स्वस्त मिळते. चावी हातात देताना मालक हळूच सांगतो, "पोलिसांनी अडवलं तर दोस्ताची गाडी म्हणून सांगा." या वाक्याची मला मनापासून चीड आहे. धंदा त्याचा आणि खोटं बोलायचं आपण, तेही मागे मुलं बसलेली असताना! हे ऐकलं की चावी परत द्यावी.

नुसत्या प्लेटवर विसंबायचं नसेल तर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, पाहा: खासगी गाडीला 'मोटर कार' लिहिलेलं असतं, भाड्याच्या गाडीला 'मोटर कॅब'. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तरी दिसतं.

डिपॉझिट, पेट्रोलचा काटा, जुने ओरखडे यांची फारशी चर्चा नको. निघण्याआधी व्हिडिओ काढा, झालं. पण काळ्या प्लेटवाल्यालाही एक गोष्ट विचाराच: गाडी राज्याबाहेर नेता येईल ना? बरेच जण गोव्यापुरतीच देतात. परमिट कुठवर चालतं ते सीमेवरचं पत्रादेवी गाठण्याआधी कागदावर पाहा आणि परवानगी लेखी घ्या.

चालवणारे दोघं असतील तर मी काळी प्लेटच घेईन. एकटाच चालवणारा आणि पावसाळ्यात रात्रीचा आंबोली घाट असेल, तर सरळ टॅक्सी करावी.